सिगारेट घटली, निकोटिन वाढलं: नागपूरचं एक प्रकरण

जानेवारीच्या शेवटी ते आमच्याकडे आले ते तंबाखू सोडायला नाही, गाल जळतो म्हणून. वय ३९. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा माल विदर्भभर खपवायचं काम. महिन्यातला अर्ध्याहून जास्त वेळ गाडीत, आज भंडारा तर उद्या वरोरा. घर खामल्याकडे, बायको शाळेत शिक्षिका, मुलगी चौथीत. ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदलले आहेत आणि नाव देत नाही. आमच्या तंबाखूमुक्ती केंद्रात सगळे त्यांना भाऊ म्हणतात, इथेही तेच म्हणू.

"सावजी खाल्लं की जळते मॅडम. जिभेला नाही, इथं," असं म्हणत त्यांनी उजव्या गालावर बोट ठेवलं.

तोंडात पाहिलं तर उजव्या गालाच्या आतली त्वचा पांढुरकी, सुरकुतलेली. खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं घोटलेलं मिश्रण, एकाच जागी धरून ठेवणाऱ्यांची खूण ती. स्वतःचीच तीन बोटं उभी करून तोंडात घाला म्हटलं, तर तिसरं अडकत अडकत गेलं. पट्टीने मोजलं, ३३ मिलिमीटर. चांगल्या धडधाकट तोंडाला साधारण ३५ ते ५० लागतात. बोटाने दाबून पाहिलं तर गालात एक बारीक ताठ दोरी लागत होती.

खर्रा किती, असं विचारलं. भाऊंनी आधी बायकोकडे पाहिलं. "कॉलेजात खात होतो. मधात बंदच होता. आता दीड-दोन महिने झाले, चार-पाच होतात दिवसाचे."

ताई इतका वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, हे मला सांगतात की सिगारेट गणपतीपासून सोडली. मग पौषात माझ्या घरात आंब्याचा वास कुठून येतो, ते विचारा यांना."

भाऊंनी शर्टाच्या खिशातून एक पिवळी नळकांडी काढून टेबलावर ठेवली. ई-सिगारेट, सगळे तिला मशीनच म्हणतात. मुलांच्या हायलायटर पेनाएवढी. आणि नेमकं हेच झालं होतं: आठवडाभरापूर्वी ती मुलीच्या दप्तरात सापडली होती, कारण तिला तो पेनच वाटला.

दुबईचं मशीन

भाऊंची सिगारेट वीस वर्षांची. दिवसाला चौदा-पंधरा, पहिली उठल्यावर दहा मिनिटांत, संडासाला जायच्या आधी. दोनदा सोडून पाहिली होती, दोन्ही वेळा आठवड्यात परत. मागच्या पावसाळ्यात खोकला काही जाईना, गाडीतला वास घालवायला ताईंनी सीट कव्हर धुऊन धुऊन फाडले, आणि तेवढ्यात गणपतीत मेहुणा दुबईहून आला. संयुक्त अरब अमिरातीत ई-सिगारेटची विक्री २०१९ पासून कायदेशीर आहे. त्याने दोन मशीन आणून दिली आणि सांगितलं की धूर नाही, राख नाही, वास नाही, तिकडे सगळे हेच ओढतात.

पहिले पंधरा दिवस खरोखर चांगले गेले, हे मी मुद्दाम नोंदवते. सिगारेट चौदावरून तीनवर आली. सकाळचा कफ कमी झाला. जिना चढताना लागणारी धाप कमी झाली. भाऊ हे सांगत होते तेव्हा त्यांच्या आवाजात जो आनंद होता तो खोटा नव्हता, आणि त्यांचं शरीरही खोटं बोलत नव्हतं. सिगारेट पेटवून ओढताना तिचं टोक ९०० अंशांच्या आसपास तापतं, तंबाखू जळतो, आणि त्या धुरात सात हजारांवर रसायनं असतात. त्यातली सत्तरेक कर्करोगाला कारण ठरणारी. कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर हे जळण्यातून येतात. मशीनमध्ये काही जळत नाही. बॅटरीवर एक छोटी कॉइल तापते, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनच्या द्रवाची वाफ होते, तीत निकोटिन आणि वास. ही वाफ निरुपद्रवी नाही. कॉइल कोरडी तापली की फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्यं तयार होतात, आणि आंब्याच्या वासाचं रसायन खायला चालतं म्हणून फुप्फुसात ओढायलाही चालेल असं कोणी सिद्ध केलेलं नाही. पण जळत्या सिगारेटशी तुलना केली तर विषाचा भार बराच कमी, हे मान्य करायला हवं. आमच्या क्षेत्रातले काही लोक हे रुग्णासमोर बोलायला कचरतात. मला ते पटत नाही. रुग्णाला स्वतःच्या छातीत फरक जाणवलेला असतो. आपण "दोन्ही सारखंच" म्हटलं की तो आपलं पुढचं काहीच ऐकत नाही.

दुबईची दोन मशीनं संपली. मग शोध सुरू झाला. नागपुरात मागायचं कसं हे ठाऊक असलं की काही पानठेल्यांवर मशीन मिळतं. समोर मांडलेलं नसतं, शटरच्या आतून येतं. एकाला दोन हजारांच्या आसपास पडायचं. दिवाळीपर्यंत चित्र असं झालं: मशीन दिवसभर, आणि सिगारेट पाच-सहा. त्या पाच-सहा भाऊंच्या हिशेबात नव्हत्याच. "चहासोबतची एखादी होऊन जाते न मॅडम. ते काय कोणी मोजते?"

मशीन श्वास मोजतं तेव्हा

आमच्याकडे श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं एक लहान यंत्र आहे. खोल श्वास घ्यायचा, पंधरा सेकंद धरायचा, मग नळीत सावकाश सोडायचा. न ओढणाऱ्या माणसाचा आकडा सहाच्या आत राहतो. ई-सिगारेटमध्ये ज्वलन नसल्याने नुसतं मशीन ओढणाऱ्याचा आकडाही तेवढाच कमी येतो. भाऊंनी फुंकलं. आकडा चढत चढत १९ वर थांबला.

ताईंनी आकडा पाहिला. काही बोलल्या नाहीत, पर्सची चेन उघडली आणि बंद केली.

हा वायू रक्तातून अर्धा व्हायला चार-पाच तास लागतात, त्यामुळे आदल्या दिवशीच्या सिगारेटीने १९ येत नाही. सकाळपासून तीन झाल्या होत्या. तिसरी आमच्याच फाटकाबाहेर, नंबर लागेपर्यंत.

त्या पाच-सहा सिगारेटींबद्दल इथे सांगायला हवं, कारण मशीनवर आलेले बहुतेक लोक इथेच फसतात. चौदाच्या पाच केल्या म्हणजे धोका तिसऱ्या हिश्शावर आला असं वाटतं. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढण्याच्या प्रमाणात घटतो असं काही अंशी म्हणता येईल. हृदयाचं तसं नाही. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणात दिसलं की दिवसाला वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा जादा धोका असतो, त्याच्या जवळजवळ निम्मा धोका दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही असतो. भाऊंचं रक्तदाबाचं माप त्या दिवशी १४८/९४ होतं. वडिलांना पंचावन्नाव्या वर्षी झटका आलेला. या माणसाच्या बाबतीत "चहासोबतची एखादी" हीच सगळ्यात महाग सिगारेट होती.

मग पिवळी नळकांडी हातात घेतली. खोकंही ताईंनी जपून ठेवलं होतं, पुरावा म्हणून. भारतातल्या सिगारेटच्या पाकिटावर ८५ टक्के जागा धोक्याच्या चित्राला आणि लेखी इशाऱ्याला असते आणि २०१८ पासून १८००-११-२३५६ हा मोफत सल्ल्याचा नंबरही असतो. या खोक्यावर यातलं काही नाही. किंमत नाही, आयात करणाऱ्याचं नाव नाही, आंब्याचं चित्र आणि चिनी अक्षरं. एका कोपऱ्यात ५ टक्के आणि १२ मिलिलिटर.

आम्ही तिथेच कागदावर हिशेब मांडला. खोकं खरं बोलतंय असं धरलं, तर ५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम निकोटिन. बारा मिलिलिटरला ६००. एक मशीन आठ दिवस पुरायचं, म्हणजे दिवसाला ७५ मिलिग्रॅम. यातलं सगळं रक्तात जात नाही. तरी तिसरा हिस्सा गेला असं धरलं तर २५. एका सिगारेटीतून शरीरात साधारण एक ते दीड मिलिग्रॅम निकोटिन जातं. चौदा सिगारेटींचे झाले चौदा ते एकवीस. वरून आताच्या पाच-सहा सिगारेटी वेगळ्या, आणि खर्रा आणखी वेगळा.

भाऊ कागदाकडे बघत राहिले. "म्हणजे मी सोडून राहिलो का वाढवून राहिलो?"

युरोपीय संघात या द्रवाला मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे. इथे मिळत होतं ते त्याच्या अडीचपट. एवढं तीव्र निकोटिन पूर्वीच्या मशीनमध्ये ओढवलंच नसतं, घसा धरला असता. नव्या मशीनमध्ये निकोटिनला बेन्झोइक आम्लाची जोड देऊन त्याचा क्षार करतात, त्यामुळे वाफ घशाला मऊ लागते. सिगारेटीला दोन नैसर्गिक लगाम असतात: घसा खवखवतो, आणि दहा-बारा झुरक्यांत ती संपते. पुढची पेटवायची तर बाहेर जावं लागतं. मशीनला दोन्ही लगाम नाहीत. भाऊ ते गाडी चालवताना ओढत, आंघोळीच्या आधी ओढत, रात्री दोनला जाग आली की उशाखालून काढून ओढत. सिगारेटीच्या काळात ते कधी रात्री उठून ओढायला गेले नव्हते.

अधिवेशन आलं आणि माल थांबला

खर्रा परत कसा सुरू झाला, हा या प्रकरणातला सगळ्यात नागपुरी भाग.

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. सिव्हिल लाइन्सपासून बर्डीपर्यंत पोलीस बंदोबस्त, चौकाचौकात तपासणी. मशीन विकणाऱ्याने त्या दिवसांत हात आखडता घेतला. "सायेब लोक गेल्यावर या," म्हणाला. कारण त्याच्यासाठी हा खेळ नाही. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने ई-सिगारेटवर बंदी आणली आणि डिसेंबरात तिचा कायदा झाला. बनवणं, आणणं, विकणं, पोचवणं, जाहिरात करणं, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करून ठेवला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढण्याला कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही, पण दुबईहून बॅगेत घालून आणणं ही आयातच झाली, हे मेहुण्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तर मशीन रिकामं. शरीराला दिवसाला पंचवीस-तीस मिलिग्रॅमची सवय लागलेली. पहिल्या दिवशी चिडचिड, दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या वाटेवर एका ग्राहकाशी भांडण. सिगारेट वाढवावी तर घरी वास येणार, आणि घरी तर "सोडली" असं जाहीर झालेलं. ज्या ठेल्यावर मशीन मागायला गेले तिथेच पन्नीत खर्रा घोटला जात होता. सुपारी, तंबाखू, चुना. धूर नाही, राख नाही, कपड्यांना वास नाही. मेहुण्याने मशीनचे सांगितलेले सगळे गुण खर्ऱ्यात होतेच.

विलायतेत सिगारेटीला पर्याय म्हटलं की मशीन आठवतं. आपल्याकडे धूरविरहित तंबाखू आधीपासून कोपऱ्याकोपऱ्यावर बसलेला आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि तोंडात तंबाखू धरणारे २४.४ टक्के. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, खर्ऱ्याचा ठेला मात्र चालू आहे. सिगारेटवरून घसरलेला नागपूरचा माणूस कुठे पडेल, हे या आकड्यांवरून आधीच कळायला हवं. आणि खर्ऱ्यातली सुपारी एकटीच, तंबाखू नसला तरी, कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहे. गालाची त्वचा आखडत जाऊन तोंड उघडेनासं होतं ते तिच्यामुळेच. ती आखडलेली त्वचा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

म्हणजे पाच महिन्यांत भाऊंच्या एका व्यसनाचे तीन धनी झाले होते: सिगारेट, मशीन आणि खर्रा.

मशीन ठेवू का?

भाऊंनी सौदा मांडला, आणि तो अडाणी सौदा नव्हता. "खर्रा आज सोडतो. सिगारेट आज सोडतो. मशीन राहू द्या. इंग्लंडात तर डॉक्टरच देतात म्हणे."

मोबाइलवर वाचलेलं होतं, आणि बरंचसं खरं होतं. ब्रिटनची आरोग्य यंत्रणा सिगारेट सोडणाऱ्यांना ई-सिगारेट सुचवते, २०२३ मध्ये दहा लाख लोकांना मोफत मशीन द्यायची योजनाही तिथे जाहीर झाली. २०१९ च्या जानेवारीत तिथल्या ८८६ जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ई-सिगारेट घेणाऱ्यांपैकी १८ टक्के वर्षभराने सिगारेटमुक्त होते, निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्या घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्के. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याकडे बंदी आली, पोरासोरांच्या हातात हे जाऊ नये म्हणून. त्याच वर्षी अमेरिकेत भेसळीच्या द्रवाने फुप्फुसं निकामी होऊन माणसं मेली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे २८०७ जण रुग्णालयात आले, ६८ दगावले. बहुतेकांच्या मशीनमध्ये गांजाचा अर्क आणि त्यात मिसळलेलं ई जीवनसत्त्वाचं तेल होतं. दुकानातलं साधं निकोटिन नव्हे, बेहिशेबी बाजारातला माल.

मी भाऊंना त्या ब्रिटिश प्रयोगातल्या दोन गोष्टी दाखवल्या. एक, त्या लोकांना मिलिलिटरला १८ मिलिग्रॅमचं, मोजलेलं, नियमात बसणारं द्रव दिलं होतं आणि निदान चार आठवडे दर आठवड्याला समुपदेशक भेटत होता. तुमच्या हातात आहे ते ५० मिलिग्रॅमचं आंब्याचं पाणी, आणि समुपदेशक म्हणजे ठेलेवाला. दोन, जे सुटले त्यांतले ८० टक्के वर्षानंतरही मशीनवरच होते. गोळ्या-पट्ट्यांवाल्यांत वर्षानंतरही त्या वापरणारे ९ टक्के. तिकडे ते चालून जातं, कारण माल दुकानात मिळतो. तुमचा माल अधिवेशन आलं की थांबतो, आणि थांबला की तुम्ही कुठे जाता ते तुमच्या गालावर लिहिलंय.

मी मशीनला नाही म्हटलं, पण ते सिगारेटपेक्षा वाईट आहे म्हणून नव्हे. एखादा माणूस पूर्णपणे मशीनवर गेलेला असेल, सिगारेट शून्य असेल, तर मी त्याला "त्यापेक्षा सिगारेट बरी" असं कधीही म्हणणार नाही. त्याला तिथून खाली उतरवीन. पण नागपुरात मशीनवर टिकून राहायचं म्हणजे बेकायदा, बिनमापाच्या आणि केव्हाही तुटणाऱ्या पुरवठ्यावर टिकून राहायचं. अशा पुरवठ्यावर निकोटिनची मोठी सवय लावून घेणं हा या प्रकरणातला खरा धोका होता.

पट्टी, ऊन आणि चहा

ठरलं ते असं: एका सोमवारी तिन्ही एकदम बंद, आणि त्या सकाळपासून निकोटिनची पट्टी, दिवसाला २१ मिलिग्रॅमची. एरवी आम्ही निकोटिनची च्युइंगम आधी सुचवतो. २ मिलिग्रॅमची मेडिकलमध्ये सहज मिळते, आणि उठल्या उठल्या ओढणाऱ्याला ४ ची लागते. पण सोललेल्या, आखडलेल्या गालाशी च्युइंगम ठेवणं बरं नव्हतं. तलफ कमी करणारी व्हॅरेनिक्लिनची गोळी हाही चांगला पर्याय होता, बारा आठवड्यांचा. मळमळ होते हे ऐकल्यावर दिवसभर गाडी चालवणाऱ्या भाऊंनी नको म्हटलं. तोंडाचं जळणं कमी झाल्यावर अडीअडचणीला निकोटिनची २ मिलिग्रॅमची चोखायची गोळी द्यायची असं ठेवलं. छातीच्या डॉक्टरांकडून फुंकण्याची तपासणी करून घेतली, ती नॉर्मल आली. गालाच्या पांढऱ्या भागाला खर्रा बंद करून तीन आठवडे दिले. तोवर गेला नाही तर तुकडा काढून तपासायचा, हे आधीच सांगून ठेवलं.

पहिले तीन दिवस सगळ्यात कठीण असतात. भाऊंनी ते सुट्टी काढून घरी काढले. ताईंनी मुलीला सांगितलं की बाबांना ताप आहे.

दुसऱ्या आठवड्यात फोन आला: छाती धडधडते, झोप नाही, पट्टी जास्त होऊन राहिली. रक्तदाब पाहिला, ठीक. मग चहा विचारला. आठ-नऊ कप. सिगारेटच्या धुरातली द्रव्यं यकृताला कॅफिन लवकर पचवायला लावतात. हे निकोटिन करत नाही, धूर करतो. धूर थांबला की तोच चहा शरीरात कितीतरी जास्त वेळ टिकतो. पट्टी तशीच ठेवली, चहा चार कपांवर आणला. चार दिवसांत झोप लागली. मशीनवर पूर्ण गेलेल्यांनाही हे होतं आणि ते बिचारे मशीनला दोष देत बसतात.

तीन आठवड्यांनी गालाचा पांढरेपणा गेला, तुकडा काढायची वेळ आली नाही. दोरी राहिली, ती राहणारच. तोंड उघडण्याच्या व्यायामाला आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दिल्या. दातांच्या मधे चवड लावायची, धरून ठेवायची, दर आठवड्याला जमली तर एक काडी वाढवायची. ते काम मुलीने स्वतःकडे घेतलं. काड्यांवर तिने रंगीत पेनाने नंबर घातले, आणि बाबांनी चुकवलं की ती ताईंना सांगायची.

एप्रिलात नवीन अडचण. पारा ४३ वर, भाऊ बिना एसीच्या गाडीत, आणि घामाने पट्टी दुपारपर्यंत निघून सीटला चिकटलेली. एका दिवशी त्यांच्या लक्षातच आलं नाही, देवरीजवळच्या ढाब्यावर चालकांच्या घोळक्यात एक सिगारेट ओढून झाली. रात्री स्वतःच फोन केला. पट्टी पडलेल्या दिवशीच सिगारेट झाली हे त्यांना दाखवून दिलं, ते त्यांना एकदम पटलं. इच्छाशक्तीवरचं भाषण देण्यापेक्षा हे बरं. त्यानंतर सकाळी आंघोळ करून अंग पूर्ण कोरडं झाल्यावर, पंख्याखाली, दंडाच्या आतल्या बाजूला पट्टी आणि वरून मायक्रोपोर. जागा रोज बदलायची, नाही तर खाज सुटते. मे अखेरीस १४ मिलिग्रॅमच्या पट्टीवरून ७ च्या पट्टीवर आलो होतो. कुठल्याशा लग्नात खर्ऱ्याची पुडी पुढे आली होती. "घेतली नाही, पण हात गेला होता," असं भाऊ म्हणाले.

एक प्रश्न आम्हाला नीट सोडवता आला नाही. उरलेलं अर्धं मशीन कुठे टाकायचं? आत लिथियमची बॅटरी, घंटागाडीत दाबली गेली तर पेट घेऊ शकते, नागपूरच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवरही ठेवू नये. आत उरलेलं निकोटिन लहान मुलाच्या पोटात गेलं तर जिवावर बेतेल एवढं. आम्ही ठेवून घ्यावं तर कायद्याने साठवण. शेवटी भाऊंनी नळकांडी घट्ट बंद डब्यात घालून ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे दिली. त्यांनीही ती दोन बोटांत धरूनच घेतली.

ऑगस्टच्या तपासणीला श्वासाचा आकडा २ आला. तोंड ३६ मिलिमीटर उघडतं. रक्तदाब १३२/८४, वजन चार किलो वाढलेलं, त्याबद्दल ताई भाऊंपेक्षा जास्त बोलल्या. पट्टी जुलैत सुटली. चोखायची गोळी मात्र दिवसाला दोन-तीन चालू आहे, बहुतेक गाडी चालवताना.

ताईंनी विचारलं, "पण हेही निकोटिनच ना? मग सुटलं काय?"

बरोबर विचारलं. निकोटिनच आहे. फक्त आता एका गोळीत २ मिलिग्रॅम आहे हे तिच्या पाकिटावर लिहिलंय, ती मेडिकलमध्ये बाराही महिने मिळते, तिच्यात सुपारी नाही आणि तिला जाळावं लागत नाही. वर्षभर चालली तरी मी तिला अपयश म्हणणार नाही. दिवाळीपर्यंत एकीवर येऊ असं भाऊच म्हणाले आहेत. तोंड मात्र दर सहा महिन्यांनी दाखवायचं, गोळी सुटली तरी.